तोडायचं राहून गेलेलं जंगल: प्रवासात जुनी अरण्यं कशी शोधाल

एकदा प्रवासात मुक्कामाच्या जागी भिंतीवर पाटी दिसली: 'प्राचीन अरण्य, चालत दहा मिनिटं'. सामान टाकलं आणि निघालो. दहा मिनिटांचं खरं निघालं, अरण्याचं नाही. सगळी झाडं एका जाडीची, एका उंचीची, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी रांगेत. एका बुंध्यावर रंगाने आकडा टाकलेला होता. पुढच्या तोडीत कोणती झाडं घ्यायची त्याची ती खूण. सावली होती, पक्षीही होते, पण ते लाकडाचं शेत होतं.

पाटी लावणाऱ्याला फार दोष देत नाही. लागवड आणि जंगल यांतला फरक बहुतेकांना ओळखता येत नाही, तेव्हा मलाही येत नव्हता. त्यानंतर मात्र एक सवय लावून घेतली. कुठल्याही जंगलाला कुणी 'जुनं' म्हटलं की विचारायचं: हे तोडायचं राहिलं कसं? लाकूड माणसाला कायमच लागत आलंय. घरं, जहाजं, सरपण, कोळसा, रेल्वेचे स्लीपर. एवढ्यातून एखादं जंगल शेकडो वर्षं उभं राहिलं असेल तर त्यामागे ठोस कारण असतंच. ते कारण सापडलं की दावा खरा की खोटा हे कळतं, आणि तेच कारण धरून नकाशावर नवी ठिकाणंही शोधता येतात.

पायरी १: शब्दांचा गुंता सोडवा

इंटरनेटवर शोधायला लागलात की चार-पाच शब्द एकमेकांत मिसळून समोर येतात. 'प्रायमरी फॉरेस्ट' म्हणजे मूळ प्रजातींचं, माणसाच्या कामाच्या ठळक खुणा नसलेलं जंगल. 'ओल्ड-ग्रोथ' म्हणजे पिकलेलं जंगल: म्हातारी झाडं, तरुण झाडं, वठलेली झाडं आणि आडवी पडून कुजणारी झाडं, सगळी एकत्र नांदत असलेलं. पूर्वी कधीतरी थोडीफार तोड झाली असली तरी पुढे पुरेसा काळ गेला, तर जंगल या अवस्थेला पोहोचू शकतं.

फसवणारा शब्द आहे तो ब्रिटनमधला 'एन्शंट वुडलँड'. इंग्लंड आणि वेल्समध्ये जिथे इ.स. १६०० पासून सलग झाडी आहे, स्कॉटलंडमध्ये १७५० पासून, त्या जागेला हे नाव मिळतं. यात जुनी असते ती जागा. वरची झाडं शंभर वर्षांत तीनदा तोडलेली असू शकतात. तिथलं मातीतलं जीवन आणि रानफुलं बघण्यासारखी असतात, म्हणून जायला हरकत नाही. फक्त प्रचंड बुंध्यांची आशा धरून जाऊ नका.

दुसरा घोटाळा जुनं झाड आणि जुनं जंगल यांत होतो. चर्चच्या आवारात किंवा माळावर हजार वर्षांचं एकटं झाड असू शकतं. ते बघायचं असेल तर शोध वेगळा. ब्रिटनसाठी वुडलँड ट्रस्टची 'एन्शंट ट्री इन्व्हेंटरी' आहे, तिच्या नकाशावर एकेक झाड नोंदलेलं सापडतं. जंगल हवं असेल तर ही यादी अर्धवटच कामाला येते.

'राष्ट्रीय उद्यान' या नावावरही विसंबू नका. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानाची स्थापना १९३४ सालची; त्याआधी लाकूड कंपन्यांनी तिथला मोठा भाग मोकळा केला होता. आज सगळं हिरवं दिसतं, पण जुन्या जंगलाचे पट्टे आत विखुरलेले आहेत आणि कुठल्या पायवाटेने जायचं ते माहीत नसेल तर दिवसभर फिरूनही ते लागत नाहीत. त्याच देशात 'नॅशनल फॉरेस्ट' नावाच्या जमिनींवर सरकार रीतसर लाकूडतोडही करू देतं. म्हणजे पाटीवर 'फॉरेस्ट' लिहिलंय एवढ्याने काहीच ठरत नाही.

पायरी २: का वाचलं, ते शोधा

मला या सगळ्या खटाटोपातला हाच भाग सगळ्यात आवडतो, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. जंगलं वाचण्याची कारणं मोजकीच आहेत आणि ती जगभर पुन्हा पुन्हा तीच दिसतात.

पहिलं कारण म्हणजे जागाच अवघड असणं. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधलं काँगरी हे पूरमैदानातलं जंगल घ्या. नदीचं पाणी वर्षातून अनेकदा आत शिरतं. लाकूड कंपनीने जमीन घेतली, तोड सुरूही केली, पण चिखलात लाकूड ओढता येईना आणि नदीत सोडावं तर ओले ओंडके तरंगेनात. काम गुंडाळावं लागलं. आज दक्षिण-पूर्व अमेरिकेतलं नदीकाठच्या रुंदपर्णी वृक्षांचं सर्वांत मोठं सलग जुनं जंगल तिथे आहे. अटलांटिकमधल्या पोर्तुगालच्या माडीरा बेटावर लॉरेल वृक्षांचं धुक्यातलं जंगल उरलं ते उत्तरेकडच्या उभ्या उतारांवर. कॅनडात नायगारा कड्याच्या उभ्या भिंतींना चिकटलेले सीडर तर गंमतच आहेत. हाताच्या मनगटाएवढी खोडं, वाकडीतिकडी, कुणाच्या खिजगणतीत नसलेली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांची वलयं मोजली, तेव्हा कळलं की खाली रस्ते, शेतं, कारखाने होत असताना वर काही झाडं हजार वर्षं उभी आहेत.

दुसरं कारण सत्ता. राजांना शिकार हवी होती, म्हणून त्यांनी इतरांना जंगलात येऊ दिलं नाही. पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवरचं बियालोवीएझा अशा राखीव शिकारीमुळेच टिकलं. उद्देश काही उदात्त नव्हता, पण ओक आणि लिंडेन यांना उद्देशाशी काय देणंघेणं!

तिसरं कारण भांडण. ऑस्ट्रियातलं रोथवाल्ड हे आल्प्समधलं शेवटचं मोठं आदिम जंगल मानतात. दोन मठांमध्ये हद्दीवरून वाद होता, त्यामुळे दोघांनाही निवांतपणे तोड करता आली नाही. पुढे १८७५ मध्ये आल्बर्ट रोथशिल्डने ती जमीन घेतली आणि जंगल तसंच राहू दिलं. सीमेवरच्या, मालकी वादातल्या, दोन संस्थानांच्या मधल्या जागांकडे म्हणूनच लक्ष ठेवावं.

चौथं कारण श्रद्धा. इथिओपियाच्या उत्तरेकडच्या पठारावर मैलोन् मैल शेतं आणि कुरणं दिसतात, मध्येच एखादा गोल हिरवा ठिपका असतो. त्या ठिपक्याच्या मधोमध चर्च. आसपासची मूळ झाडं त्या आवारापुरती उरली आहेत. जपानमध्ये शिंतो देवळांभोवतीच्या राईंना 'चिन्जु नो मोरी' म्हणतात. मेघालयातल्या मावफ्लांगच्या देवराईतून पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे. अशी जंगलं आकाराने लहान असतात, पण शहरांच्या आणि रस्त्यांच्या जवळ असतात. प्रवासात वाट फार न वाकवता बघता येतात.

पाचवं कारण थोडं अपमानास्पद आहे: लाकूड बेकार असणं. जपानच्या याकुशिमा बेटावर एदो काळात सीडर तोडून छपरांच्या फळ्या काढल्या जात. त्यासाठी सरळ रेषांचं लाकूड हवं. गाठीगाठींची, पीळ पडलेली झाडं तशीच सोडून दिली. आज ज्या जोमोन सुगी नावाच्या महाकाय, जुन्या सीडरला बघायला लोक दिवसभर चालतात, तो अशाच नाकारलेल्यांपैकी एक. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये सुमारे ३,००० मीटर उंचीवर वाढणारे ब्रिसलकोन पाइनही तसेच. ठेंगणे, पिळवटलेले, अर्धे वाळलेले, आणि काहींचं वय चार हजार वर्षांच्या पुढे.

सहावं कारण वेळेवर मध्ये पडलेला माणूस. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्युर वुड्सची दरी विल्यम केंट यांनी १९०५ मध्ये विकत घेतली. पुढे एका पाणीपुरवठा कंपनीला तिथे धरण बांधायचं होतं, तेव्हा त्यांनी ती जमीन सरकारला दान केली आणि १९०८ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

शहरांना पाणी पुरवणाऱ्या पाणलोट क्षेत्रांतही जुनी जंगलं उरलेली असतात, पण तिथे सहसा कुणालाच सोडत नाहीत. नकाशावर दिसली तर हळहळून पुढे चला.

आता याचा उपयोग कसा करायचा? ज्या भागात जाणार आहात तिथला उंचसखलपणा दाखवणारा नकाशा उघडा. खोल घळी, कडे, दलदल, बेटं, जुन्या सरहद्दी, देवस्थानं आणि पूर्वीच्या शिकारखान्यांवर बोट ठेवा. त्या नावांपुढे पुढच्या पायरीतले शब्द लावून शोधा.

पायरी ३: योग्य यादीत आणि योग्य भाषेत शोधा

सुरुवात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीपासून करायला हरकत नाही. युरोपातली बीच वृक्षांची आदिम जंगलं या यादीत २००७ पासून टप्प्याटप्प्याने येत गेली आणि आज ती १८ देशांत पसरलेली एकच नोंद आहे. म्हणजे युरोपात कुठेही जात असलात तरी एखादा तुकडा वाटेवर असण्याची बरीच शक्यता. अमेरिकेसाठी 'ओल्ड-ग्रोथ फॉरेस्ट नेटवर्क' ही २०१२ मध्ये सुरू झालेली संस्था फार कामाची. प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, लोकांना जाता येईल असं किमान एक जंगल राखायचं, हा तिचा प्रयत्न. तिच्या यादीतली ठिकाणं मुळातच भेटीसाठी खुली असतात, त्यामुळे निम्मा ताप वाचतो.

'ग्लोबल फॉरेस्ट वॉच' या इंटरनेटवरच्या जंगल-नकाशात अखंड जंगलांचा एक थर आहे, पण त्यात किमान ५०० चौरस किलोमीटरचे पट्टेच धरतात. ॲमेझॉन, काँगो, बोर्नियो, कॅनडा, सैबेरियासाठी ठीक. पन्नास हेक्टरची अप्रतिम राई त्यात दिसणारच नाही. आणि बहुतेक प्रवाशांच्या वाट्याला अशा राईच येतात, कारण जगातलं मूळ जंगल सारखं वाटलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२०च्या पाहणीनुसार जगात साधारण १११ कोटी हेक्टर मूळ जंगल आहे, आणि त्यातलं ६१ टक्के ब्राझील, कॅनडा आणि रशिया या तीनच देशांत.

स्थानिक शब्द वापरून शोधलंत की पर्यटन-संकेतस्थळांवर नसलेली ठिकाणं वर येतात. हे कुणी सांगत नाही आणि यानेच सर्वांत जास्त फरक पडतो. जर्मन भाषेत 'उर्वाल्ड', चेक आणि स्लोव्हाकमध्ये 'प्रालेस', स्लोव्हेनियात 'प्रागोज्द', बोस्निया-क्रोएशियात 'प्राशुमा', स्वीडन-नॉर्वेत 'उरस्कोग', पोलंडमध्ये 'पुश्चा', जपानमध्ये 'गेनसेइरिन', स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत 'बोस्के प्रिमारिओ' किंवा 'बोस्के नातिवो'. त्या त्या लिपीत लिहून घ्या, प्रदेशाचं नाव जोडा आणि मिळेल ते भाषांतर-यंत्रातून वाचा. 'उर्वाल्ड' शब्द मात्र खेळण्यांच्या बागांपासून हॉटेलांपर्यंत कुणीही वापरतं, तेवढं चाळून घ्यावं लागतं.

मग उपग्रहचित्र. जुन्या मिश्र जंगलाचा माथा खडबडीत दिसतो: लहानमोठे गड्डे, मध्येच काळी भोकं, मध्येच करडे काटे म्हणजे उभी वठलेली झाडं. लागवड इस्त्री केल्यासारखी सपाट दिसते आणि तिच्या कडा सरळ रेषेत कापलेल्या असतात. डोंगरावर नागमोडी रस्ते चढून कुठेच न पोहोचता संपत असतील तर ते लाकूड उतरवण्याचे रस्ते. 'गूगल अर्थ'वर जुन्या वर्षांची चित्रंही बघता येतात. वीस-तीस वर्षांपूर्वी तोच उतार बोडका होता का, हे पाच मिनिटांत कळतं.

शंका उरली तर त्या उद्यानाच्या किंवा वनखात्याच्या कार्यालयाला लिहा. 'तुमच्याकडे जुनं जंगल आहे का?' असं विचारू नका. उत्तर 'हो' असंच येतं. 'अमुक पायवाटेवर शेवटची तोड कधी झाली?' असं विचारा. ज्याला माहीत आहे तो साल सांगतो, किंवा 'तिथे नाही, पलीकडच्या ओढ्याकडे जा' म्हणतो. असं एक वाक्य मिळालं की काम झालं.

पायरी ४: आत जायची परवानगी आहे का, ते आधी बघा

इथे नवखे लोक हमखास अडकतात. तिकीट काढून, गाडी ठरवून दारापर्यंत जायचं आणि मग कळायचं की आत सोडत नाहीत.

बियालोवीएझाच्या कडक संरक्षित भागात परवानाधारक वाटाड्याबरोबरच जाता येतं. बोस्नियातल्या सुत्येस्का उद्यानातलं पेरुचित्सा हेही तसंच. रोथवाल्डमध्ये मोजक्याच मार्गदर्शित फेऱ्या निघतात. केरळातल्या सायलेंट व्हॅलीत मुक्कालीहून वनखात्याच्या व्यवस्थेतल्या गाडीनेच जावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या 'टॉल ट्रीज ग्रोव्ह'साठी रोजचे परवाने मर्यादित असतात. म्युर वुड्समध्ये २०१८ पासून गाडी लावायला किंवा शटल बसला आधी जागा राखावी लागते, आणि तिथे मोबाइलला रेंज नसते. आरक्षणाची पावती आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

वाटाड्या सक्तीचा असला तर नाराज होऊ नका. माझं तर मत आहे की पहिल्यांदा जाताना तो स्वतःहून घ्यावा. एकट्याने गेलात तर मोठी झाडं दिसतात. जाणकाराबरोबर गेलात तर त्या झाडाच्या पोकळीत कोण राहतं, शेजारचा ओंडका कधी पडला आणि त्याच्यावर आत्ता उगवलंय ते काय, हे दिसतं.

बरीच जंगलं पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्या लोकांची असतात. ऑस्ट्रेलियातल्या डेनट्री उद्यानाची मालकी २०२१ मध्ये ईस्टर्न कुकू यालंजी लोकांकडे परत गेली. अशा ठिकाणी 'माणसाचा स्पर्श न झालेलं' वगैरे विशेषणं चुकीचीच ठरतात. तिथले लोक फिरवायला नेत असतील तर त्यांच्याबरोबरच जा, आणि 'इथे जाऊ नका' म्हणाले तर कारण न विचारता ऐका.

वेळेचा अंदाजही याच पायरीत घ्या. जोमोन सुगीची वाट जाऊन-येऊन सुमारे २२ किलोमीटर, साधारण दहा तासांची. सुरुवातीचं बरंच अंतर लाकूड वाहण्यासाठी टाकलेल्या जुन्या रुळांवरून जातं, म्हणजे ज्या रुळांवरून याकुशिमाची झाडं खाली गेली त्याच रुळांवरून आपण उरलेलं झाड बघायला वर जातो. पहाटे निघालं नाही तर परतताना अंधार गाठतो.

पायरी ५: आत गेल्यावर ओळखा

बुंध्याची जाडी सगळ्यात शेवटी बघा. आधी जमिनीकडे बघा.

म्हातारं झाड वाऱ्याने मुळासकट उपटलं की मुळांबरोबर मातीचा ढीग वर येतो आणि शेजारी खड्डा पडतो. झाड कुजून जातं, पण खड्डा आणि उंचवटा शेकडो वर्षं राहतात. जमीन अशी उंचसखल, लाटांसारखी असेल तर तिथे नांगर फिरलेला नाही हे नक्की. उलट झाडी दाट आहे पण जमीन सपाट आहे, मध्येच दगडी बांध जातोय, असं असेल तर ते कधीकाळचं शेत.

मग पडलेली लाकडं. नुकतं पडलेलं, साल निघालेलं, शेवाळलेलं, पाय ठेवला की भुसा होणारं, अशा सगळ्या अवस्थांतले ओंडके आसपास दिसले पाहिजेत. आवरून ठेवलेलं, झाडून काढल्यासारखं जंगल बघून मला हल्ली संशयच येतो. उभी वठलेली झाडंही हवीत; सुतार पक्षी, घुबडं, वटवाघळं यांची घरं त्यांत असतात.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, ऑलिंपिक उद्यानातल्या 'हो' नावाच्या जंगलात एक चकवा भेटतो. प्रचंड झाडं सरळ रांगेत उभी दिसतात आणि वाटतं, लागवड! पण त्यांच्या मुळांकडे बघा. ती जमिनीपासून वर, पाय फाकून उभी असतात, खाली पोकळ बोगदा. शेकडो वर्षांपूर्वी तिथे एक ओंडका पडला होता, त्याच्या पाठीवर रोपं रुजली, मोठी झाली आणि ओंडका विरून गेला. अशा ओंडक्यांना तिथे जणू दाईच म्हणतात. रांग उरली, दाई गेली.

याच्या उलटा चकवा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत, रेडवुड या अतिउंच वृक्षांच्या प्रदेशात. सात-आठ झाडं गोल करून उभी असतात, फोटोला सुंदर दिसतात. मध्ये तुटका बुंधा असेल तर ते तोडलेल्या झाडाच्या मुळांतून फुटलेले धुमारे आहेत. जंगल दुसऱ्या पिढीचं. जुन्या बुंध्यांवर माणसाच्या डोक्याच्या उंचीला खाचा दिसल्या तर त्या लाकूडतोड्यांनी उभं राहायला फळ्या अडकवायच्या केलेल्या. मूळ किनारी रेडवुड जंगलापैकी आज सुमारे पाच टक्केच उरलंय, त्यामुळे असे बुंधे पदोपदी दिसतात.

आता झाडाकडे. तरुण झाडाचा शेंडा टोकदार असतो. म्हाताऱ्याचा सपाट, तुटका, काही फांद्या वाळलेल्या. खोडाचा खालचा मोठा भाग फांद्यांशिवाय, साल खोल भेगांची किंवा उलट घासून गुळगुळीत झालेली. युरोप आणि उत्तर अमेरिकेत खोडावर पानासारखं पसरलेलं, फुप्फुसाच्या आतल्या जाळीसारखं दिसणारं हिरवं दगडफूल दिसलं तर थांबा. ते लोबारिया पल्मोनारिया. त्याला सलग ओलावा, स्वच्छ हवा आणि मोडतोड न झालेलं जंगल लागतं.

उष्ण प्रदेशातल्या वर्षावनात नवख्याची सगळी गणितं उलटी होतात. 'घनदाट' म्हणजे वेलींच्या जाळ्या, कोयत्याने वाट काढणं, असं डोक्यात असतं. तसं रान नदीकाठी, रस्त्याच्या कडेला आणि पूर्वी तोडलेल्या जागी असतं. जुन्या वर्षावनात माथा इतका मिटलेला असतो की जमिनीपर्यंत दोन टक्क्यांच्या आसपासच उजेड पोहोचतो. खाली चालायला बऱ्यापैकी मोकळं, अंधुक आणि गार. बोर्नियोतल्या सबामध्ये, डानुम खोऱ्यात १०० मीटरहून उंच, पिवळं मेरांटी जातीचं एक झाड २०१९ मध्ये जाहीर झालं, पण खालून बघणाऱ्याला शंभर मीटर आणि साठ मीटर यांतला फरक कळत नाही. मान तेवढी दुखते.

कोरड्या प्रदेशातलं जुनं जंगल तर विरळच असतं. अमेरिकेच्या पश्चिमेतली पाँडेरोसा पाइनची जुनी रानं बागेसारखी मोकळी होती, कारण गवतातली लहान वणव्यांची आग वरचेवर खालचं रान साफ करत असे. म्हणून दाटपणा हा निकष सोडून द्या.

पायरी ६: चालताना

बूट. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण यावर जंगलाचा जीव अवलंबून असू शकतो. न्यूझीलंडमधल्या कौरी वृक्षांना मुळं कुजवणारा रोग लागलाय आणि तो मातीतून पसरतो; टाचणीच्या टोकाएवढी चिखलाची कणीही पुरते. वायपोआ जंगलात ताने महुता या महाकाय कौरीला भेटायला जाताना बूट घासून, जंतुनाशकावर दाबून मगच पुढे जायचं असतं. हवाईतल्या ओहिया झाडांचंही असंच दुखणं आहे. म्हणून नियम असो नसो, दोन जंगलांच्या मध्ये बूट, काठीचं टोक आणि तिपाईचे पाय घासून, धुऊन, वाळवून घ्या. एक जुना दातांचा ब्रश पिशवीत टाकला की झालं.

मुळांवर चालू नका. म्हाताऱ्या झाडांची खाणारी-पिणारी मुळं वरच्या मातीतच असतात आणि पावलांनी माती दाबली की ती गुदमरतात. जोमोन सुगीला मिठी मारता येत नाही, लांबच्या मचाणावरूनच बघावं लागतं, ते याचसाठी.

वारा असेल तर जाऊ नका. वठलेल्या फांद्या न सांगता पडतात. लाकूडतोडे त्यांना 'विडोमेकर' म्हणजे विधवा करणाऱ्या म्हणतात. डबा उघडायला किंवा तंबू ठोकायला बसण्याआधी एकदा वर बघा.

दाट माथ्याखाली जीपीएस भरकटतं, रेंज तर नसतेच. नकाशा आधी उतरवून ठेवा आणि कागदाचाही घ्या. ओंडके ओलांडत चालताना तासाला दोन किलोमीटर हा वेग धरा. दुर्बीण न्या, कारण बघण्यासारखं बरंच काही पन्नास मीटर वर असतं. भिंगही न्या, कारण उरलेलं शेवाळात असतं. डासांची आणि जळवांची तयारी ठेवा. काँगरीच्या माहिती केंद्रावर डासांचा मापक लावलेला आहे. त्याच्या वरच्या टोकाला 'युद्धभूमी' लिहिलंय, आणि ते सगळंच विनोदाने घेऊ नये.

ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नका. कडक उन्हात जंगलात नुसते पांढरे-काळे डाग दिसतात. ढगांखाली साल, शेवाळ, नेचे नीट दिसतात. युरोपातल्या बीचच्या जंगलात पालवी फुटण्याआधी गेलात तर खोडांची सगळी ठेवण उघडी असते. आणि एका सहलीत एकच जंगल धरा. तीन जंगलं तीन दिवसांत उरकण्यापेक्षा एकाच जंगलात दोन सकाळी जा. दुसऱ्या सकाळी डोळे सरावलेले असतात.

पायरी ७: ठिकाण सांगावं की नाही

ज्या जंगलाला वाट, फळीमार्ग आणि पाटी आहे त्याचं नाव खुशाल सांगा. पायाभूत सोय गर्दी झेलण्यासाठीच केलेली असते. पण वाट सोडून एखादं झाड सापडलं तर फोटोतली ठिकाणाची नोंद काढून टाका.

हायपेरियनचं उदाहरण पुरेसं आहे. सुमारे ११६ मीटर उंचीचं हे रेडवुड, जगातलं सर्वांत उंच ज्ञात झाड, २००६ मध्ये सापडलं. जागा गुप्त ठेवली होती. ती इंटरनेटवर फुटली, लोक झुडपं तुडवत पोहोचू लागले, बुंध्याभोवतीचे नेचे नाहीसे झाले. २०२२ मध्ये उद्यानाने तो भाग बंद केला. गेलात तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. विशेष म्हणजे खालून त्याचा शेंडा दिसतही नाही. त्याच उद्यानातल्या रीतसर वाटांवरची झाडं डोळ्यांना त्याहून भव्य वाटतात.

व्हाइट माउंटन्समधलं मेथुसेला नावाचं ब्रिसलकोन पाइन ४,८०० वर्षांहून जुनं आहे. त्याच्या राईतून पायवाट जाते, ती सगळ्यांना खुली आहे. झाडावर मात्र पाटी नाही, आणि वनखातं कोणतं ते सांगत नाही. १९६४ मध्ये नेवाडात त्याच जातीचं प्रोमिथियस नावाचं झाड अभ्यासासाठी तोडलं गेलं आणि वलयं मोजल्यावर कळलं की ते तेव्हाचं सर्वांत जुनं ज्ञात झाड होतं. त्यामुळे मेथुसेलाच्या वाटेवर जाणाऱ्याने आपला आपणच अंदाज करायचा. एखाद्या वेड्यावाकड्या, अर्ध्या वाळलेल्या खोडापुढे थांबून 'हेच असणार' म्हणायचं, फोटो काढायचा आणि पुढच्या वळणावर त्याहून म्हातारं दिसणारं झाड भेटलं की पुन्हा थांबायचं.